घर मागे जोडून

अमरावतीहून अकोला आणि पुढे बाळापूर, हे अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. तरीही गुडघे दुखू लागल्यापासून अम्मी लांबच्या प्रवासाला नाहीच म्हणत. भीती रस्त्याची नव्हती. वाटेत त्यांना बसता येईल असे संडास कुठे मिळेल, याची होती. म्हणून या सुट्टीत आम्ही जीपमागे छोटी ट्रॉली जोडली. तिच्यात तंबू, सतरंज्या, स्टोव्ह, पाण्याचे कॅन आणि सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे कमोडची खुर्ची.

याच अमरावती–अकोला मार्गावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला. मूर्तिजापुरात मुलांना कापसासाठी बांधलेल्या शकुंतला रेल्वेची हकिकत सांगितली. बाळापुरात नदीकाठचा किल्ला पाहिला. मिर्झाराजे जयसिंगांच्या छत्रीच्या सावलीत अम्मी दुपारभर निवांत बसल्या.

राज्याने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. अशी गाडी सगळ्यांना परवडणारी नाही. पण घरातली वडीलधारी माणसे प्रवासाला नाही म्हणाली, तर हळूच कारण विचारा. कदाचित ते एका ट्रॉलीत मावेल इतकेच असेल.