डोंगराच्या घरचे पाहुणे

पावसाळा सरत आला, की साताऱ्यातल्या घरांत पाहुण्यांची ये-जा वाढते. कुणाला कासची फुलं पाहायची असतात, कुणाला ठोसेघरचा धबधबा, कुणाला सज्जनगड. गेल्या काही वर्षांत त्यात पाहुण्यांची एक नवी तऱ्हा आली आहे. हे पाहुणे रात्री नऊला झोपतात, पहाटे चारला उठतात आणि केलेल्या पुरणपोळीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. ते सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी आलेले असतात.

माझं माहेर साताऱ्याचं, सासर सांगलीचं. त्यामुळे हा सोहळा मी दोन्ही बाजूंनी पाहते, कधी घरची म्हणून, कधी पाहुणी म्हणून. २०१२ साली ही शर्यत सुरू झाली. अंतर एकवीस किलोमीटरहून थोडंसं जास्त. शहरातून निघायचं, समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासच्या रस्त्यावर काही अंतर जायचं आणि त्याच वाटेनं खाली यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण घाटाची वळणं संपता संपत नाहीत. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, समोर अजिंक्यतारा आणि खाली ढगांच्या फटीतून दिसणारं सातारा शहर. ज्यांना धावायचं नाही त्यांनीही तो घाट एकदा पायी चढून पाहावा. २०१५ साली एकाच डोंगरावर सर्वांत जास्त माणसं धावल्याचा विक्रम म्हणून या शर्यतीची गिनेस बुकात नोंद झाली. तेव्हा अडीच हजारांवर लोक धावले होते. आता पुण्या-मुंबईचेच नव्हे, तर परदेशी धावपटूही येतात.

त्या दिवशी गावाचं रूप पाहण्यासारखं असतं. ढोल-ताशे, लेझीम, रस्त्याच्या कडेला रेनकोट घालून उभी राहिलेली शाळेची मुलं, टाळ्या वाजवणाऱ्या आज्या. आपली पोरगी धावत नसली तरी दुसऱ्याच्या पोरीला "चल गं, थोडंच राहिलंय" म्हणून ओरडणाऱ्या बायका. साताऱ्याला धावणाऱ्या मुलींचं कौतुक नवं नाही म्हणा. माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली आणि दहावी आली. तिच्यानंतर या भागातल्या किती आयांनी मुलीला बूट घेऊन दिले असतील!

ही शर्यत एका सकाळची. नऊ-दहा वाजेपर्यंत बहुतेक जण खाली येतात, संध्याकाळी गाड्या परततात आणि गाव पुन्हा आपल्या कामाला लागतं. पण असे पाहुणे एक दिवस नव्हे, तर पाच दिवस राहणार असतील तर? आणि ते डांबरी रस्त्यानं न जाता रानातून, झाडीतून, ओढ्यातून धावणार असतील तर? असा एक खेळ खरोखरच आहे. त्याला म्हणतात ओरिएंटियरिंग. उच्चाराला जड आहे, पण खेळ समजायला सोपा आहे.

खेळाडूच्या एका हातात नकाशा, दुसऱ्या हातात होकायंत्र. रानात ठिकठिकाणी पांढऱ्या-केशरी रंगाच्या, सुमारे एक फूट लांबी-रुंदीच्या कापडी खुणा टांगलेल्या असतात. नकाशावर त्या वर्तुळानं दाखवलेल्या असतात. ठरलेल्या क्रमानं एकेक खूण शोधायची, तिथे आपण येऊन गेल्याची नोंद करायची आणि पुढे जायचं. वाट कुठली धरायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. टेकडीवरून सरळ जाल तर अंतर कमी पण दम जास्त, वळसा घालाल तर दम कमी पण वेळ जास्त. खेळाडूंना थोड्या थोड्या अंतरानं एकेकटं सोडतात, म्हणजे कुणाच्या मागे मागे पळायची सोय नाही. पाय आणि डोकं दोन्ही चालवायचं. बाजारात जाऊन कुठून कुठे गेलं की कमी चालणं होईल याचा हिशेब आपण बायका रोजच करतो, तसाच हा हिशेब, फक्त धावता धावता.

हा खेळ स्वीडनचा. १९१९ साली स्टॉकहोमजवळ तिथल्या अर्न्स्ट किलांडर या गृहस्थांनी त्याची पहिली मोठी स्पर्धा भरवली. आंतरराष्ट्रीय संघटना १९६१ साली झाली. स्वीडनमध्ये १९६५ पासून 'ओ-रिंगेन' नावाची पाच टप्प्यांची स्पर्धा उन्हाळ्यात भरते. हजारो लोक येतात, त्यात शाळकरी मुलंही असतात आणि ऐंशी ओलांडलेले आजी-आजोबाही. प्रत्येकाच्या वयाचा वेगळा गट. कुटुंबंच्या कुटुंबं तंबू ठोकून राहतात. स्पर्धेची जागा मात्र वर्षानुवर्षं बदलत असते. आज या जिल्ह्यात तर पुढच्या खेपेला दुसऱ्या. त्या त्या भागातल्या क्लबांची माणसं यजमानपण करतात. स्वयंपाक, पाणी, तंबू, प्रथमोपचार, सगळं.

आपल्याकडे असं काही होईल का, असं कुणी विचारलं तर मी 'हो' म्हणेन. नकाशावाचन साताऱ्याला परकं नाही. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली. अपशिंगे गावाला तर 'मिलिटरी अपशिंगे' असंच म्हणतात, इतक्या पिढ्या तिथली माणसं सैन्यात जात आली आहेत. एन.सी.सी.त गेलेल्या मुलामुलींनी नकाशा आणि होकायंत्र हाताळलेलं असतं. पाहुणचार तर आपल्या रक्तातच आहे. मग अडचण कुठे आहे?

अडचण डोंगराची आहे. म्हणजे डोंगर कमी पडतो असं नाही, तर डोंगराला विचारायचं आपण विसरतो.

कासचंच पाहा. कासचं पठार म्हणजे जांभ्या दगडाचा सडा. वर मातीचा थर अगदी पातळ, काही ठिकाणी बोटभरच. त्या बोटभर मातीत साडेआठशेहून अधिक जातींच्या वनस्पती उगवतात. तेरडा, कवला, चवर, गेंद, 'सीतेची आसवं'. टोपली कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली एकोणचाळीस ठिकाणं जागतिक वारसा म्हणून जाहीर केली, त्यात महाराष्ट्रातली चार: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी. नाव झालं आणि गर्दी लोटली. गाड्यांच्या रांगा, फुलांत लोळून काढलेले फोटो. शेवटी हंगामात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालावी लागली, आधी नोंदणी करावी लागली, तिकीट लावावं लागलं. व्यवस्था पाहायला आसपासच्या गावांतली माणसं पुढे आली.

तिथे एका माणसाचा पाय पडला तर गवत पुन्हा उठतं. हजार पाय त्याच जागी पडले तर बी जमिनीतच चिरडतं आणि पुढच्या वर्षी तिथे फूल दिसत नाही. घाटातली मॅरेथॉन डांबरी रस्त्यावरून जाते, म्हणून ती चालते. हीच माणसं सड्यावरून धावली असती तर मी पहिली विरोधात उभी राहिले असते.

ओरिएंटियरिंगवाल्यांना हे ठाऊक असतं, हे मला त्या खेळाबद्दल वाचताना विशेष आवडलं. त्यांच्या नकाशावर डोंगराच्या उंचीच्या रेषा तपकिरी, पाणी निळं, दाट झाडी हिरवी आणि मोकळी जमीन पिवळी असते. त्यावर जांभळ्या रंगानं आखलेला भाग म्हणजे 'इथे पाय टाकायचा नाही'. पक्ष्यांची घरटी असतील, पेरलेलं शेत असेल, नाजूक जमीन असेल, तिथे तो जांभळा रंग येतो. जो आत जाईल तो स्पर्धेतून बाद. स्वीडनमध्ये रानावनात फिरायचा हक्क सर्वांना आहे, पण त्या हक्काबरोबर शिकवण अशी, की त्रास द्यायचा नाही आणि नासधूस करायची नाही.

आपल्याकडे तसा सरसकट हक्क नाही. कुठे वनखात्याची हद्द, कुठे गायरान, कुठे कुणाचं नाचणीचं वावर, कुठे देवराई. पण पाय कुठे टाकायचा नाही हे आपल्याला नवीन आहे का? देवराईतली वाळकी काटकीसुद्धा घरी आणायची नाही, हे आमच्या आजीला कुणी नकाशावर आखून दाखवलं नव्हतं.

तेव्हा अशी स्पर्धा भरवायची झाली तर कासचा सडा जांभळा. कोयना आणि चांदोलीचं जंगल जांभळं, कारण २०१० पासून तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि तिथे गव्यांच्या, वाघाच्या घरात आपण पाहुणे. कडे आणि आग्यामोहोळाच्या कपारी जांभळ्या. उरलेल्यातही वनखात्याची आणि गावकऱ्यांची परवानगी आधी, मग बाकी सगळं. पावसाळ्यात नको, कारण महाबळेश्वरच्या बाजूला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि धुक्यात हाताचं बोट दिसत नाही. हिवाळा बरा, पण गवत वाळलेलं असतं, म्हणून काडी-चूल-विडी बंद. लहान मुलांच्या पहिल्या धड्यांसाठी तर शाळेचं मैदानही चालेल. सांगलीकरांना मिरजेजवळचा दंडोबाचा डोंगर आहेच. तिथे एखादी वाट शोधून पाहायला काय हरकत आहे?

या सगळ्यात सांगलीचा काय संबंध, असं कुणाला वाटेल. संबंध पाण्याचा आहे. कासच्या बाजूचं पाणी उरमोडीतून कृष्णेला मिळतं. वेण्णा माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कराडला मिळते. तीच कृष्णा पुढे सांगलीच्या घाटावर येते. साताऱ्याच्या घाटात हसत हसत फेकलेली पाण्याची बाटली पावसात कुठे जाते, हे आम्ही सांगलीकरणी पूर ओसरल्यावर पाहतो. खुद्द सातारकरही कास तलावाचंच पाणी पितात. डोंगरावरचा पाहुणचार आपल्याच माठात उतरतो, हे विसरून कसं चालेल?

आता थोडं घरचं. धावणारा पाहुणा आला, की कौतुकानं तांबडा रस्सा आणि तळण करू नका. आदल्या रात्री मुगाची खिचडी, वरण-भात, दही-भात असं साधं जेवण, तेही लवकर. पहाटे केळं किंवा दोन घास उपमा. पाणी भरपूर, पण घरच्या बाटलीतून. ओल्या बुटांत जुन्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले, की ते लवकर वाळतात. जाताना कंदी पेढे द्यायचेच, पण खोक्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत नव्हे. आणि पाहुणे कास पाहायला निघाले, तर नोंदणी झाली आहे का ते विचारा. "जा हो, कुणी अडवत नाही" असं सांगण्यात मोठेपणा नाही.

कारण खरं यजमानपण तिथेच दिसतं. कार्य काढलं, की घरची बाई आधी मोजते: पानं किती, पाणी किती, किती जणांची अंथरुणं पडतील. पन्नास माणसांच्या घरात दोनशे बोलावली, तर तो पाहुणचार नव्हे, पाहुण्यांचे आणि घराचे दोघांचेही हाल. देवघरात चपला घालून येऊ नका, हे पाहुण्याला सांगायला आपण लाजत नाही आणि त्यालाही राग येत नाही. डोंगराच्या बाबतीत मात्र ही मोजणी आपण पुरुषमंडळींच्या सत्कार समित्यांवर सोडून देतो. तिथे हार किती आणि खुर्च्या किती याचा हिशेब चोख असतो. संडास किती, कचरा कोण उचलणार, गावातल्या बायकांनी केलेल्या भाकरीचे पैसे त्यांच्या हातात पडणार की नाही, हे प्रश्न मागे राहतात.

मैत्रिणींनो, तुमच्या गावात उद्या मॅरेथॉन होईल, सायकलींची शर्यत होईल, कदाचित हा नकाशाचा खेळही येईल. जरूर येऊ द्या. टाळ्या वाजवायला जा, मुलींना धावायला पाठवा, जमलं तर स्वतःही धावा. पण सभा होईल तेव्हा मागच्या सतरंजीवर न बसता पुढे जा आणि दोनच गोष्टी विचारा. आपला डोंगर किती माणसं पेलेल? आणि जांभळा रंग कुठे कुठे द्यायचा ठरला आहे? उत्तर तयार नसेल, तर ते मिळेपर्यंत तारीख ठरवू देऊ नका.