निप्पोनाइटीसची वळणं

होक्काइदोमधल्या मिकासा गावाला लोक एकेकाळी कोळशासाठी येत. मी गेले ती अमोनाइटसाठी, म्हणजे नामशेष झालेल्या समुद्री प्राण्यांच्या जीवाश्म शंखांसाठी. इवामिझावापर्यंत रेल्वे, पुढे बस. गावच्या संग्रहालयात शिरताच मिठीत न मावणारे अमोनाइट उभे असतात. त्यांची गुंडाळी मला परकी वाटली नाही. देवघरातला गंडकीचा शाळिग्राम हाही अमोनाइटच, त्यांच्याहून जुना, ज्युरासिक काळातला.

निप्पोनाइटीस नावाच्या अमोनाइटसमोर मात्र ही ओळख कामाची नव्हती. हा क्रिटेशस काळातला, सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचा. मधे सैल वेटोळं, त्याच्याभोवती यू आकाराची वळणं घेत वरखाली जाणारी नळी आणि तिच्या अंगभर बारीक कंगोरे. पोटातून काढलेल्या आतड्यासारखा हा गुंता. हिसाकात्सु याबे यांनी १५ ऑक्टोबर १९०४ रोजी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं (जपानात हाच दिवस आता जीवाश्म दिन म्हणून पाळतात), तेव्हा हाती एकच नमुना होता. हा आजारी प्राण्याचा बिघडलेला शंख असावा, अशी शंका घेतली गेली. १९२६मध्ये दुसरा सापडला. त्याचीही वळणं तशीच होती!

ती तशीच का, याचं ताकाशी ओकामोतो यांनी १९८०च्या दशकात संगणकावर दिलेलं उत्तर मला फार सुंदर वाटतं. नळी तीनच तऱ्हांनी वाढते: उजवा पीळ, डावा पीळ किंवा सपाट गुंडाळी. शंखातल्या हवेच्या कप्प्यांवर प्राणी पाण्यात तोल सांभाळतो. वाढीबरोबर तोल सरकतो आणि तोंड फार वर किंवा फार खाली वळू लागतं. तसं झालं की वाढीची तऱ्हा बदलते आणि तोंड पुन्हा सोयीच्या कोनात येतं. एवढ्या एका नियमातून तो सारा गुंता तयार होतो. त्या प्राण्याला आकाराशी कर्तव्य नव्हतं. तोंड कुठे आहे, एवढंच त्याच्या जगण्याला पुरेसं होतं.

हे माहीत असल्यामुळे मी काचेला नाक लावून नळीचा माग काढत राहिले. उजवं वळण, मग डावं, पुन्हा उजवं. शेजारच्या नमुन्यावर तोच क्रम शोधला आणि तिथेही तो सापडला.