दस्तरखानासाठी मुक्काम

परतूरहून सहकुटुंब बाहेरगावी निघायचे म्हटले की आमच्यासारख्या घरांत तिकिटाच्या आधी एकच प्रश्न निघतो: जेवणाचे काय? हलाल मिळेल का? बायका-मुलांना निवांत बसून खाता येईल का? मग डबे भरले जातात आणि दोन दिवस त्यांवरच निघतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही क्रम उलटा केला. आधी जेवण ठरवले, मग गाव. मुरुड-जंजिऱ्याला एका कोकणी मुस्लिम कुटुंबाच्या घरी पैसे देऊन दोन रात्री राहिलो.

रात्री परतूरला देवगिरी एक्स्प्रेस धरली. सकाळी मुंबई, गेटवेहून बोटीने मांडवा, तिथून अलिबाग आणि पुढे एसटीने रेवदंडा, काशीद करत मुरुड. अलिबागपासून हे अंतर साधारण 50 किलोमीटर. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-सुपारीच्या वाड्या. दुधनाकाठच्या काळ्या रानातून आलेल्या मुलांची नजर खिडकीवरून हटत नव्हती.

घर कौलारू, खोल्या चारच. पलंग, पंखा, स्वच्छ चादर. बाकी थाट नाही. इथला सारा दिवस जेवणाभोवती फिरतो. जपानमध्ये 'र्योकान' नावाची छोटी मुक्कामाची घरे असतात. तिथे भाडे सहसा माणशी घेतात, त्यातच रात्रीचे जेवण आणि न्याहारी येते, आणि ऋतूप्रमाणे लहान लहान पदार्थ एकामागून एक वाढतात. मात्र तिथल्या स्वयंपाकात तांदळाची दारू वापरली जाते, म्हणून मुसलमान प्रवाशाला आधी चौकशी करावी लागते. मुरुडला ती काळजी नव्हती. तरीही चौकशी झाली, आणि ती यजमानांनीच केली.

घरच्या मालकीणबाईंना आम्ही खालाजान म्हणू लागलो होतो. मासे आणायला माणूस धाडण्यापूर्वी त्यांनी विचारले, "तुम्ही हनफी ना? मग तिसऱ्या आणि चिंबोऱ्या तुमच्या भांड्यात नको."

कोकणातले बहुतेक मुसलमान शाफई. त्यांच्याकडे समुद्रातले जवळजवळ सारेच चालते. आम्ही मराठवाड्यातले बहुतेक हनफी. आमच्याकडे मासळी चालते, खेकडे आणि शिंपले नाहीत. कोळंबीबद्दल तर आमच्या उलेमांतही दोन मते आहेत. असरची अजानही तिथे आमच्या सवयीपेक्षा आधी होते. या फरकांवर आपल्याकडे केवढे वाद घालतात! खालाजानने दोन पातेली आणि दोन पळ्या वेगळ्या ठेवल्या आणि विषय संपवला. दस्तरखान मात्र एकच अंथरला. त्यांच्या मुलांपुढे तिसऱ्या, आमच्या मुलांपुढे तळलेली सुरमई. मध्ये तांदळाच्या भाकऱ्या, नारळाच्या रसातले सालन आणि सोलकढी. सकाळी घावणे, आणि दुसऱ्या दिवशी खास मुलांसाठी वाफेवरचे सांदण.

बोलणे आम्ही आमच्या दखनी उर्दूत सुरू केले, त्यांनी कोकणीत उत्तर दिले. थोडी ओढाताण झाली आणि मग दोघेही मराठीवर आलो. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या आम्हांला याचा विशेष आनंद झाला. मुसलमानांची मराठी पाहायची असेल तर अशा स्वयंपाकघरात बसावे.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिरा पाहिला. चहूकडे खारे पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव! कलाल बांगडी तोफेजवळ मुलांना सांगितले, की इथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले. आणि 1610 मध्ये खडकी, म्हणजे आपले औरंगाबाद, वसवणारा मलिक अंबरही हबशीच. कोकण आणि मराठवाडा त्यांना एकाएकी जवळ वाटू लागले.

निघताना पैसे देताना आम्हीच संकोचलो. मेहमाननवाजीचे पैसे कसे मोजायचे? खालाजान म्हणाल्या, "बाळा, आधी माझाही हात आखडायचा. यांची आखातातली नोकरी सुटली तेव्हा या चुलीनेच घर चालवलं. खोलीचे आणि मासळीचे पैसे घेते. प्रेमाचे घेत नाही."

पाहुणचार तीन दिवसांचा, त्यापुढे तो सदका ठरतो आणि पाहुण्याने यजमानाला अडचणीत येईपर्यंत राहू नये, अशी हदीस आहे. तिच्यात यजमानाच्या ऐपतीचीही काळजी घेतलेली आहे. हलाल कमाई करणाऱ्या बाईच्या हातात तिचे मोल ठेवणे हाही त्या काळजीचाच भाग आहे, असे आम्हांला वाटते.

आमच्या परतूरच्या घरांतही सुगरणींची वाण नाही. ज्वारीची भाकरी, बघारे बैंगन, खिचडी-खट्टा, अंबाडीची भाजी. मुंबईचा पाहुणा यासाठी दोन दिवस राहील. राज्यात घरगुती मुक्कामासाठी 'निवास व न्याहारी' योजना आहे. 2023 च्या 'आई' पर्यटन धोरणात महिलांना 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याज परताव्याची सोय आहे. एखादी खोली रिकामी असेल आणि घरच्यांची साथ असेल, तर बहिणींनी विचार जरूर करावा. आणि वाचकांनी पुढच्या सुट्टीत हॉटेल शोधण्याआधी अशी एखादी चूल शोधावी. मुले तिथे जे शिकतील ते आम्हांला वर्गात शिकवता येत नाही.