नर कुत्र्याची गंधखूण: एका घरातील अनुभव

बाहेर जाऊन लघवी करण्याची सवय पूर्णपणे अंगवळणी पडलेला नर कुत्रा वयात येताच सोफ्याच्या पायावर, पडद्याच्या कडेवर किंवा दाराच्या चौकटीवर तंगडी वर करून चार थेंब टाकू लागतो, त्या वर्तनाला गंधखूण करणे म्हणतात. मूत्राशय रिकामे करणे हे तिचे प्रयोजन नसते. आपण कोण, नर की मादी, माजाच्या कोणत्या अवस्थेत, याची वार्ता वासाच्या रूपाने मागे ठेवणे हे असते, आणि म्हणूनच ती सहसा उभ्या पृष्ठभागावर, दुसऱ्या कुत्र्याच्या नाकाला सहज सापडेल अशा उंचीवर केली जाते. कॉर्नेल विद्यापीठातील बेटी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान चणीचे नर मोठ्यांपेक्षा तंगडी अधिक कोनात उचलतात असे आढळले. आपल्या आकारापेक्षा उंच खूण उमटवण्याचा तो प्रयत्न असावा, असा त्याचा एक अर्थ लावला जातो.

येथे ज्या घराचा अनुभव मांडला आहे ते पुण्यातील कोथरूड भागातल्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर आहे, आणि तेथील खंड्या हा पॉमेरियन व गावठी यांच्या मिश्रणाचा, लहान चणीचा कुत्रा आहे. त्याच्या खुणा पडद्यावर इतक्या वर सापडत की घरच्यांचा संशय प्रथम गच्चीच्या गळतीवर गेला, जरी त्या गळतीला वरचे तीन मजले ओलांडून यावे लागले असते.

अशा प्रसंगी पहिले पाऊल पशुवैद्याकडे पडावे लागते, कारण मूत्रमार्गाचा संसर्ग, मुतखडा, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार यांतही कुत्रा घरात लघवी करतो आणि ते वर्तन वरवर पाहता सारखेच दिसू शकते. खंड्याची लघवी तपासली तेव्हा तीत दोष निघाला नाही. शिवाय तो झोपेत ओले करीत नव्हता, थेंब थोडे असत आणि प्रत्येक वेळी ती जागा आधी बराच वेळ हुंगलेली असे, यांवरून हा आजार नसून गंधखूणच आहे हे स्पष्ट झाले.

सर्वाधिक श्रम स्वच्छतेत गेले, आणि मराठी घरातील रूढ उपाय याच टप्प्यावर तोकडे पडतात. फिनेलने फरशी पुसली की माणसाच्या नाकापुरता वास झाकला जातो, परंतु शहाबादी फरशीच्या सांध्यांत मुरलेली लघवी तशीच राहते. तिच्यातील युरियाचे जिवाणू अमोनियात रूपांतर करतात, आणि कुत्र्याला ती जागा पुन्हा पुन्हा सापडत राहते; ज्या द्रवात मुळातच अमोनिया असतो त्याने पुसणे तर याच कारणाने टाळावे. येथे उपयोगी पडतात ती विकरयुक्त द्रावणे. विकरे म्हणजे वासाचे मूळ असलेल्या पदार्थांचे विघटन घडवून आणणारी प्रथिने. त्यांना काम करण्यासाठी वेळ लागतो, म्हणून द्रावण ओतून लगेच पुसून न घेता जागा ओली ठेवावी लागते, आणि आधी फिनेल वापरलेले असेल तर ते साध्या पाण्याने धुऊन काढावे लागते, अन्यथा विकरांचा परिणाम मंदावतो. घरातील आजींनी शुद्धीसाठी त्याच कोपऱ्यात गोमूत्र शिंपडले तेव्हा मात्र परिस्थिती चमत्कारिक झाली. धर्मशास्त्राच्या दृष्टीने ती शुद्धी होती, पण खंड्याच्या नाकाला तेथे आणखी एका प्राण्याची लघवी लागली, आणि त्याने तिच्यावर आपली खूण केली.

खुणांना निमित्त कोठून मिळते याचा शोध घेतला असता ते बहुतांशी घराबाहेरून येत असल्याचे दिसले. इमारतीच्या फाटकापाशी राहणाऱ्या कुत्र्यांचा वास चपलांना आणि जमिनीवर टेकलेल्या भाजीच्या पिशव्यांना लागून घरात येई, आणि खंड्या त्यावर प्रतिखूण, म्हणजे दुसऱ्याच्या वासावर किंवा त्याच्या शेजारी आपला वास, उमटवी. चपला दाराबाहेरच्या बंद कपाटात गेल्या, पिशव्या खुंटीला टांगल्या जाऊ लागल्या आणि रस्त्याकडच्या खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला अपारदर्शक कागद लागला, तेव्हा कोणत्याही औषधाशिवाय खुणा लक्षणीय कमी झाल्या. बाहेर फिरवताना त्याला ओढत न नेता मनसोक्त हुंगू दिल्याचाही लाभ झाला असावा. वर्तमानपत्राची सुरळी दाखवणे आणि नाक ओल्या जागेवर घासणे हा एका वडीलधाऱ्यांचा आग्रह फार काळ टिकला नाही, कारण त्यातून खंड्या एवढेच शिकला की ते वडीलधारे खोलीत असताना तंगडी वर करायची नाही.

खरी परीक्षा भाद्रपदात झाली. रस्त्यावरच्या कुत्र्या याच सुमारास माजावर येतात, आणि मराठी माणसाला भाद्रपद व कुत्रा यांचा संबंध वेगळा समजावून द्यावा लागत नाही. नेमके त्याच महिन्यात गौरी-गणपतीसाठी घरातील सामान हलते, पाहुणे येतात, अनोळखी वासाचे कापड आणि लाकूड घरात शिरते. अस्वस्थता आणि कामप्रेरणा ही गंधखुणेची दोन्ही मोठी कारणे अशी एकाच वेळी हजर झाली आणि मखराचा पाय ओला झाला. त्या दिवसांपुरता त्याच्या कमरेभोवती कापडी पोटपट्टा बांधण्यात आला. हा पट्टा थेंब शोषून घेतो, सवय मोडत नाही, आणि वेळोवेळी बदलला नाही तर कातडी सोलवटते, एवढे लक्षात ठेवून वापरला तर तो उत्सवाच्या घरात सोयीचा आहे.

त्यानंतर पशुवैद्याच्या सल्ल्याने नसबंदी, म्हणजे शस्त्रक्रियेने वृषण काढणे, ठरले. निल्सन, एक्स्टाइन आणि हार्ट यांच्या १९९७ च्या अभ्यासात खुणा करणाऱ्या नरांपैकी सुमारे ६० टक्के किंवा त्याहून अधिक कुत्र्यांत शस्त्रक्रियेनंतर हे वर्तन निम्म्याने अथवा त्याहून जास्त कमी झाले, आणि शस्त्रक्रियेच्या वेळचे वय किंवा सवय किती जुनी आहे यावरून परिणामाचे भाकीत करता आले नाही. म्हणजे थोराड कुत्र्याच्या बाबतीत आता उपयोग नाही असे म्हणण्यास आधार नाही, तसेच शस्त्रक्रिया केली की प्रश्न संपला असेही नाही, कारण टेस्टोस्टेरॉन हे नर संप्रेरक रक्तातून लवकर ओसरले तरी शिकलेली सवय त्याच्याबरोबर जात नाही. खंड्याच्या बाबतीत पडदे वाचले. पाहुण्यांच्या पिशव्या मात्र अजूनही आल्याबरोबर खुंटीवर टांगाव्या लागतात, आणि तसे का, हे प्रत्येक पाहुण्याला कोणी सांगायचे यावर त्या घरात अद्याप एकमत झालेले नाही.