कॅमेरा तिच्या हातात

गोंदियाहून रायपूरकडे निघालं की आमगाव, सालेकसा, डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि मग भिलाई. तेजल शाह यांचा जन्म 1979 सालचा, या भिलाईतला. क्वियर जगणं आणि शरीर हा विषय घेऊन व्हिडिओ-कला करणाऱ्या भारतीय कलावंतांत हे नाव पहिल्या फळीतलं. 2012 मध्ये जर्मनीतल्या कासेलला, डॉक्युमेंटा प्रदर्शनात, त्यांची ‘बिट्वीन द वेव्ज’ ही व्हिडिओ-कलाकृती मांडली गेली. आमगाव-सालेकशाच्या मुलींना हे नाव कुणीतरी सांगायला हवं.

*

सेडी बेनिंग, अमेरिकेतलं मिलवॉकी. वय पंधरा-सोळा. वडील जेम्स बेनिंग चित्रपट करणारे. त्यांनी नाताळला एक खेळण्यातला कॅमेरा दिला. तो गाण्याच्या साध्या कॅसेटवर चित्रण करायचा. चित्र काळंपांढरं, ढोबळ चौकोनी ठिपक्यांचं. दार लावून घेतलेल्या खोलीत, आपल्याला मुली आवडतात हे बेनिंगनी या कॅमेऱ्याला सांगितलं. कॅमेरा इतका जवळ, की पडदाभर एक डोळा, नाहीतर नुसते ओठ. कागदावर खरडलेली वाक्यं भिंगासमोरून सावकाश सरकतात. आवाज दबका, भिंतीपलीकडे घरची माणसं जागी असावीत असा. ‘मी अँड रुबीफ्रूट’ 1989 चं, ‘इफ एव्हरी गर्ल हॅड अ डायरी’ त्यानंतरच्या वर्षीचं. 1993 मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात बेनिंगचं काम होतं.

या फितींत कुणी समजावून सांगायला येत नाही. डॉक्टर नाही, समाजसेवक नाही. म्हणून त्या खऱ्या वाटतात.

*

विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक 1981 साली रंगमंचावर आलं. मुलीवर प्रेम करणारी त्यातली सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, रोहिणी हट्टंगडींनी उभी केली. फार मोठं धाडस होतं ते. पण गोष्ट सांगतो तिचा मित्र बापू, आणि मित्रा शेवटी जीव देते. मला तीच गोष्ट मित्राच्या तोंडून ऐकायची आहे, आणि ती जिवंत राहिलेली पाहायची आहे.

*

6 सप्टेंबर 2018. संमतीने ठेवलेले समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं. पाहायला येणारी स्थळं काही थांबली नाहीत.

*

धान घरात आलं की आमगाव-सालेकशाच्या या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम. रात्र-रात्र थंडीत बसून परक्याच्या दुःखाला रडणारी ही माणसं. आपल्याच गावच्या मुलीचं ऐकायला ती बसणारच नाहीत, असं मी मानत नाही.

*

बेनिंगला बंद करता येईल असं दार होतं. आपल्याकडे चार जणांत एक खोली आणि अनेकदा दोघींत एक मोबाईल. फोनमधले फोटो आपोआप घरच्या कुणाच्या तरी खात्यात जाऊन पडतात. तेव्हा मुलींनो, आधी ते बघा, मग चित्रण करा. चेहरा दाखवलाच पाहिजे असं नाही. हात चालतात, भिंत चालते, नुसता आवाजही चालतो. मैत्रिणीला विचारल्याशिवाय तिला चित्रात घेऊ नका. आणि केलेलं लगेच कुणाला पाठवायची घाई करू नका, पण पुसूनही टाकू नका.