राहात्यापलीकडे न गेलेले बाबा आणि काकडीची धावपट्टी

शिर्डीच्या दक्षिणेस राहाता, उत्तरेस नीमगाव. गोविंद रघुनाथ दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरिता’त साईबाबांच्या वावराची सीमा एवढीच आहे. राहात्याला खुशालचंद शेटजींकडे ते जात. त्यापुढे गेले नाहीत. आगगाडी त्यांनी कधी पाहिली नव्हती, तरी गाड्यांच्या वेळा त्यांना ठाऊक असत, असे दाभोलकर लिहितात. भक्त मात्र आगगाडीनेच येत. दौंड-मनमाड लोहमार्गावरील कोपरगाव स्थानकावर उतरायचे, गोदावरी ओलांडायची आणि टांग्याने शिर्डी गाठायची, असा तो प्रवास.

बाबांनी १५ ऑक्टोबर १९१८ रोजी देह ठेवला. शताब्दीच्या उंबरठ्यावर, १ ऑक्टोबर २०१७ रोजी, कोपरगाव तालुक्यातील काकडी येथे राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांनी शिर्डी विमानतळाचे उद्घाटन केले. धावपट्टी २,५०० मीटर लांब. विमानतळाच्या नावात बाबांबरोबर ‘आंतरराष्ट्रीय’ हे विशेषणही जोडले गेले. उड्डाणे मात्र मुंबई, हैदराबाद अशा देशांतर्गत शहरांचीच. राहात्याच्या वेशीवर थांबलेल्या फकिराच्या नावापुढे हा शब्द यावा, यात इतिहासाचा थोडा खोडसाळपणा आहे.

हाच शब्द अन्यत्र अगदी अक्षरशः खरा ठरतो. प्रशांत महासागरातील तुवालू या चिमुकल्या देशात फुनाफुती हा एकच विमानतळ आहे. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही बेटावर विमान उतरत नाही. तिकडे बोटीनेच जावे लागते. त्यामुळे फुनाफुतीहून विमान सुटले की ते परदेशीच जाते, बहुधा फिजीला.

ती धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलेली नव्हती. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, अमेरिकी नौदलाने जपानविरुद्धच्या मोहिमेसाठी ती उभारली. त्यासाठी नारळाची झाडे तोडली गेली, पुलाका या कंदाची लागवड असलेले खड्डे बुजवले गेले आणि भरावासाठी बेटावरच नवे खड्डे खणले गेले. युद्ध संपले, सैन्य गेले, खड्डे राहिले. त्यांच्या काठांवर दोन-तीन पिढ्या वाढल्या. न्यूझीलंडच्या मदतीने ते बुजवले गेले तेव्हा २०१५ साल उजाडले होते. ज्या बेटाची रुंदी मुळातच काही पावलांची, तिथे माती गमावणे म्हणजे काय, हे अवर्षणप्रवण भागातल्या शेतकऱ्याला वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. काकडीची धावपट्टीही शेतकऱ्यांच्याच जमिनीवर आहे, आणि जमिनीचा मोबदला मिळाला तरी शेत परत येत नाही.

एक भेद मात्र ठळक आहे. काकडीच्या धावपट्टीभोवती कुंपण आहे; आत पाऊल टाकायचे तर तिकीट हवे. २०२५ पासून तेथे रात्रीही विमाने उतरू लागली आहेत. फुनाफुतीत संध्याकाळी मुले धावपट्टीवर फुटबॉल खेळतात, उकाड्याच्या रात्री माणसे तिथेच चटया अंथरतात. विमान येणार असले की भोंगा वाजतो आणि सारे बाजूला होतात. विमान निघून गेले की खेळ पुन्हा सुरू.