मौनाची किंमत

विमा कंपनी दावा नाकारते, तेव्हा निदान एक कारण हाती येते आणि त्यावर वाद घालता येतो. परंतु कंपनी उत्तरच देत नसेल, तर दावेदाराने भांडायचे कशाशी? अनेक वर्षे शासकीय फायली हाताळल्यानंतर मला हा प्रश्न दाव्याच्या रकमेहून मोठा वाटतो.

सप्टेंबर 2022 च्या पहिल्या आठवड्यात बेंगळुरूत अतिवृष्टी झाली व बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता हा परिसर पाण्याखाली गेला. आमच्या इमारतीच्या तळघरात इतरांबरोबर माझीही गाडी बुडाली. दुसऱ्याच दिवशी मी कंपनीला कळविले. सर्वेक्षक आले, छायाचित्रे काढून गेले. त्यानंतर तीन महिने काहीच नाही. टोल-फ्री क्रमांकावर दर वेळी आवाज नवा, उत्तर मात्र तेच: "प्रक्रिया सुरू आहे."

तेव्हा लागू असलेल्या 2017 च्या विनियमांनुसार सर्वेक्षक 72 तासांत नेमायचा, त्याने 30 दिवसांत अंतिम अहवाल द्यायचा आणि त्यापुढील 30 दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा, असा क्रम होता. विलंब झाल्यास बँक दराहून 2 टक्के अधिक व्याज देय होते. पण या व्याजाचा नियम किती दावेदारांना ठाऊक असतो? न मागितलेले व्याज सहसा मिळत नाही, आणि तोवर पैसा कंपनीकडेच राहतो. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर मौन हा कंपनीसाठी स्वस्त पर्याय ठरतो.

मी तक्रार अधिकाऱ्याला स्पीड पोस्टने पत्र पाठविले. त्यात तीनच प्रश्न होते. सर्वेक्षकाचा अहवाल कोणत्या तारखेस मिळाला? कोणता कागद अपुरा आहे? निर्णय कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे? महिनाभर उत्तर आले नाही, म्हणून जे. पी. नगरच्या जीवन सौध इमारतीतील विमा लोकपालांकडे तक्रार दाखल केली. 1998 मध्ये निर्माण झालेल्या या व्यवस्थेत शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. लेखी तक्रारीला कंपनीने एक महिना उत्तर दिले नाही, एवढेच कारण पुरते. माहिती अधिकार कायद्यानेही 2005 मध्ये मुदतीतील मौनाला नकारच मानले आहे.

लोकपालांचे पत्र पोहोचताच कंपनीचा फोन आला व दावा मंजूर झाला. फायलीत एकही नवा कागद पडला नव्हता. फक्त गप्प राहणे महाग झाले होते.

आमच्या गल्लीतील एका टॅक्सीचालकाची कथा वेगळी आहे. त्याची गाडीही त्याच रात्री बुडाली. कर्जाचा हप्ता थांबला नाही, मिळकत मात्र थांबली. त्याने असंख्य फोन केले होते, पण तारीख व पोच असलेला एकही कागद त्याच्याजवळ नव्हता. त्याच्यासाठी कन्नडमध्ये एक पानी पत्र तयार केले. पुढे त्याचा दावा मंजूर झाला खरा, पण तोवर तो दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालक झाला होता. नियम दोघांना एकच होता. मला तो माहीत होता, त्याला नव्हता.

यावर उपाय काय? कर्नाटक शासनाने 2011 च्या 'सकाल' कायद्याने स्वतःच्या दिरंगाईचे मोल ठरविले: सेवेस उशीर झाल्यास दिवसाला 20 रुपये, कमाल 500 रुपये. रक्कम क्षुल्लक, पण ती संबंधित अधिकाऱ्याकडून वसूल व्हायची आहे. विमा नियामकाने 2024 मध्ये लोकपालांचा निवाडा 30 दिवसांत न पाळणाऱ्या कंपनीस दिवसाला 5000 रुपये, तेही तक्रारदारास, देण्यास बांधले. हे स्वागतार्ह आहे. परंतु निवाड्यापर्यंत पोहोचतो तो चिकाटीचा तक्रारदार. असा दैनिक आकार पहिल्या अनुत्तरित पत्रापासून, कोणी न मागता, आपोआप सुरू झाला पाहिजे. तोपर्यंत फोन करण्याबरोबर एक पत्रही पाठवावे आणि त्याची पोच जपून ठेवावी, एवढेच प्रत्येक विमाधारकाला सांगता येईल.